बँड तर आला, पण तो आपल्याच प्रोटीनचा आहे का? अँटीबॉडी वापरायची रीत

अँटीबॉडी, म्हणजे ठरावीक प्रोटीनला चिकटणारं प्रोटीन, टाकली की मेम्ब्रेनवर, म्हणजे जेलमधली प्रोटीनं उतरवून घेतलेल्या पातळ पापुद्र्यावर, काहीतरी दिसतंच, हे आधीच सांगून ठेवते. लॅबमध्ये नवीन आलेल्या माणसाचा सगळा जीव बँड (प्रोटीनची पट्टी) येतोय का नाही यात अडकलेला असतो, आणि एकदाचा आला की सुटलो बाबा म्हणून फोटो सरांना पाठवून मोकळा. पण तो बँड आपल्या प्रोटीनचाच कशावरून, हा प्रश्न तिथून पुढे सुरू होतो आणि ब्लॉट झाल्यावर त्याचं उत्तर शोधायला गेलात तर ते मिळत नाही, कारण त्यासाठी लागणारं सॅम्पल तुम्ही जेलवर लोडच केलेलं नसतं. म्हणून खाली मुख्यतः वेस्टर्न ब्लॉट (प्रोटीनं जेलवर वजनाप्रमाणे वेगळी करून, मेम्ब्रेनवर घेऊन अँटीबॉडीने शोधायची पद्धत) धरून लिहिलंय, बाकीच्या पद्धती शेवटी थोडक्यात, आणि कंट्रोलचं (निकाल काय यायला हवा ते आधीच माहीत असलेल्या सॅम्पलचं) तुणतुणं मध्ये मध्ये वाजत राहील, कंटाळा आला तरी वाचा.

आधी अँटीबॉडी निवडायची कशी ते. बाजारात तीन प्रकार मिळतात. पॉलिक्लोनल म्हणजे सशाला किंवा शेळीला प्रोटीन नाहीतर त्याचा तुकडा टोचून रक्तातून काढलेली, त्यात एकाच प्रोटीनच्या वेगवेगळ्या जागा धरणाऱ्या अँटीबॉडींची सरमिसळ असते, सिग्नल जोरात येतो पण ते जनावर गेलं की तोच माल पुन्हा मिळत नाही. मोनोक्लोनल एकाच पेशीच्या वंशातली आणि एकच एपिटोप (प्रोटीनवरची पकडायची जागा) धरणारी, ही हायब्रिडोमाची (अँटीबॉडी बनवणारी पेशी कर्कपेशीशी जोडायची) युक्ती कोहलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये काढली आणि १९८४ चं नोबेल त्यांना येर्ने यांच्याबरोबर मिळालं. तिसरी रिकॉम्बिनंट, हिचा डीएनए सिक्वेन्स माहीत असतो, तो पेशींमध्ये घालून अँटीबॉडी बनवतात, त्यामुळे कितीही वर्षांनी मागवली तरी तीच येते. मिळत असेल तर रिकॉम्बिनंटच घ्या. २०२३ मध्ये छापून आलेल्या एका मोठ्या तपासणीत ६५ मानवी प्रोटीनांसाठीच्या ६१४ विकाऊ अँटीबॉडी नॉकआउट (त्या प्रोटीनचा जीनच काढलेल्या) पेशींवर घासून बघितल्या होत्या, त्यात रिकॉम्बिनंट सरासरीने बाकी दोन्हींपेक्षा सरस निघाल्या. आणि त्याच कामात असंही दिसलं की टार्गेट धड न ओळखणाऱ्या अँटीबॉडी वापरून केलेले पेपर प्रत्येक प्रोटीनमागे सरासरी डझनभर आहेत. त्यामुळे अमुक इतक्या पेपरांत वापरलीय हे कंपनीच्या पानावरचं वाक्य वाचून भुलू नका, मी तर तो आकडा बघतच नाही.

बघायचं ते डेटाशीट, आणि तेही नीट. एक उदाहरण घेऊ म्हणजे हवेत बोलणं नको. पी५३ या प्रोटीनसाठी डीओ-१ नावाचा उंदराचा मोनोक्लोनल क्लोन सगळीकडे वापरतात. त्याचा एपिटोप प्रोटीनच्या एन-टोकाकडे (सुरुवातीच्या टोकाकडे) आहे, साधारण २० ते २५ व्या अमिनो आम्लाच्या जागेत. आता एवढ्या एका ओळीतून किती गोष्टी कळतात बघा: प्रोटीनचा तो एन-टोकाचा भाग नसलेले जे छोटे आयसोफॉर्म (त्याच प्रोटीनची वेगळी रूपं) आहेत ते या क्लोनला दिसणारच नाहीत. हा क्लोन माणसाचा पी५३ धरतो, उंदराचा धरत नाही, म्हणजे उंदराच्या पेशींवर टाकून बँड आला नाही तर त्यात बिचाऱ्या अँटीबॉडीचा दोष नाही, आणि आला तर जास्तच काळजी करा. शिवाय क्लोन उंदराचा असल्यामुळे सेकंडरी (पहिल्या, म्हणजे प्रायमरी अँटीबॉडीला धरून सिग्नल देणारी दुसरी अँटीबॉडी) अँटी-माउस लागणार. तर डेटाशीटवर क्लोनचं नाव, होस्ट (अँटीबॉडी ज्यात बनली तो प्राणी) कुठला, इम्युनोजेन म्हणून काय टोचलं होतं, कुठल्या प्राण्याचं प्रोटीन ओळखते, आणि कुठल्या पद्धतीसाठी तपासलीय एवढं शोधा. इम्युनोजेनच्या जागी नुसतं मालकीची माहिती म्हणून सोडून दिलं असेल आणि फोटोत बँडच्या आजूबाजूचा भाग कापून एक बारीक पट्टी दाखवली असेल, तर माझ्या लेखी ती अँटीबॉडी तपासलेली नाहीच. पूर्ण लेन दाखवणारा, शेजारी नॉकआउट पेशींची लेन असलेला फोटो असेल तर तिथे थांबा, तीच घ्या.

मग कंट्रोल ठरवा, आणि हे अँटीबॉडी मागवायच्या दिवशीच ठरवायचं. आपल्याला असं एक सॅम्पल हवं ज्यात प्रोटीन नक्की आहे आणि असं एक ज्यात ते नक्की नाही. पी५३ पुरतं सोपं आहे, ए४३१ पेशींमध्ये म्यूटंट पी५३ भरपूर साठलेला असतो आणि एच१२९९ किंवा साओस-२ मध्ये तो मुळातच नसतो, दोघांची लायसेट (पेशी फोडून काढलेला रस) शेजारी शेजारी लावली की पहिल्याच ब्लॉटमध्ये निकाल. तुमच्या प्रोटीनसाठी असं तयार जोडपं नसेल तर ह्यूमन प्रोटीन अ‍ॅटलासवर जाऊन कुठल्या सेल लाइनमध्ये त्या जीनचा आरएनए जास्त आहे आणि कुठे शून्याच्या जवळ आहे ते बघा आणि त्यातून दोन-तीन लाइन निवडा. आरएनए आणि प्रोटीन अगदी मापात जुळत नाहीत, पण आरएनए शून्य असलेल्या पेशीत ठसठशीत बँड आला तर समजून जायचं. क्रिस्परने (जीन कापायच्या तंत्राने) नॉकआउट करता आला तर त्याच्यासारखं काही नाही, नाहीतर एसआयआरएनएने (जीनचा आरएनए नष्ट करणाऱ्या छोट्या आरएनएने) नॉकडाउन, म्हणजे प्रोटीन कमी करणं, पण दोन वेगवेगळ्या सिक्वेन्सने करा, एकाने बँड कमी होतो आणि दुसऱ्याने होत नाही असं झालं तर गोंधळ तिथेच उघडा पडतो. प्रोटीन टॅग (ओळखखूण म्हणून जोडलेला छोटा तुकडा) लावून जास्त व्यक्त करून बघणं हे पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून ठीक, पण अँटीबॉडी टनभर प्रोटीन ओळखते याचा अर्थ पेशीतलं चिमूटभर ओळखेल असा होत नाही. ब्लॉकिंग पेप्टाइडवर तर फारच लोकांचा विश्वास असतो, पेप्टाइड टाकलं की बँड गेला म्हणजे झालं सिद्ध. अहो, अँटीबॉडीची पकडायची जागा तुम्ही पेप्टाइडने भरून टाकली की तिथून धरलेले सगळेच बँड जाणार, चुकीचेसुद्धा. २०१६ मध्ये तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने तपासणीचे पाच मार्ग सांगितलेत: जीन काढून बघणं, अँटीबॉडी न वापरणाऱ्या पद्धतीशी ताडून बघणं, दुसऱ्या एपिटोपवरच्या स्वतंत्र अँटीबॉडीशी ताडणं, टॅग केलेल्या प्रोटीनशी ताडणं, आणि अँटीबॉडीने पकडलेलं मास स्पेकवर (रेणूंच्या वजनावरून प्रोटीन ओळखणाऱ्या यंत्रावर) घालून ते नक्की काय आहे ते बघणं. यातला निदान एक तरी आपल्या पेशींमध्ये करा, दोन केलेत तर रिव्ह्यूअरशी भांडायची वेळ येणार नाही.

आता प्रत्यक्ष काम. पेशी बर्फावर ठेवून थंड पीबीएसने (मिठाच्या बफरने) धुवा आणि रिपा बफरमध्ये फोडा, म्हणजे ५० मिलिमोलर ट्रिस, १५० मिलिमोलर मीठ, १ टक्का एनपी-४०, ०.५ टक्के सोडियम डीऑक्सिकोलेट आणि ०.१ टक्का एसडीएस. प्रोटिएज इनहिबिटर (प्रोटीन कापणारी एन्झाइम रोखणारा) आयत्या वेळी घालायचा, त्यातला पीएमएसएफ असेल तर अगदी शेवटी कारण पाण्यात तो फार काळ टिकत नाही. फॉस्फो-प्रोटीन (फॉस्फेट लागलेलं प्रोटीन) बघायचं असेल तर सोडियम फ्लोराइड आणि ऑर्थोव्हॅनाडेट पाहिजेच. लायसेट शेंबडासारखं चिकट झालं तर तो डीएनए आहे, थोडं सोनिकेट करा नाहीतर बारीक सुईतून चार-पाच वेळा वर-खाली ओढा, तसंच लोड केलंत तर लेन वेडीवाकडी येणार. मग सेंट्रीफ्यूज, आणि वरचं पाणी घ्यायचं. इथे एक लक्षात ठेवा, न्यूक्लियसमधली काही प्रोटीनं आणि सायटोस्केलेटन खाली पेलेटमध्ये जाऊ शकतं, प्रोटीन दिसेना झालं तर पेलेट फेकण्याआधी एकदा तो सॅम्पल बफरमध्ये उकळून बघा.

प्रोटीन किती आहे ते मोजायला ब्रॅडफर्ड की बीसीए? डिटर्जंट जास्त असेल तर ब्रॅडफर्ड बिघडतं, डीटीटीसारखा रिड्यूसिंग एजंट असेल तर बीसीए. रिपासाठी बीसीए बरं, फक्त सॅम्पल बफर घालायच्या आधी मोजा. लेनमागे २० ते ३० मायक्रोग्रॅमपासून सुरुवात करा. सॅम्पल बफरमध्ये बीटा-मरकॅप्टोइथेनॉल ताजं घालून ९५ अंशावर पाच मिनिटं. पण पेशीच्या आवरणातून अनेकदा आत-बाहेर करणारी प्रोटीनं उकळली की एकमेकांना चिकटून गोळा होतात आणि वेलच्या तोंडाशीच अडकून बसतात, त्यांना ३७ अंशावर अर्धा तास ठेवलेलं बरं. हे माहीत नसल्यामुळे किती जणांनी चांगल्या अँटीबॉडी कचऱ्यात टाकल्या असतील देव जाणे.

जेलबद्दल फार सांगण्यासारखं नाही. प्रोटीन लहान तर जेलची टक्केवारी जास्त, मोठं तर कमी. ५० किलोडाल्टनच्या (प्रोटीनच्या वजनाचं माप) आसपासच्या प्रोटीनला १० टक्के चालतं, २० च्या खालच्याला १५ घ्या, १५० च्या वरच्याला ७.५. काही कळत नसेल तर ग्रेडियंट जेल, म्हणजे खाली जाताना टक्केवारी वाढत जाणारं. मार्करची (माहीत वजनाच्या प्रोटीनांची) लेन एका बाजूला ठेवा, मधोमध नको, म्हणजे ब्लॉट उलटा धरलाय का ते ओळखता येतं.

ट्रान्सफर मात्र नीट समजून घ्या, कारण बँड आला नाही की लोक अँटीबॉडीला शिव्या घालतात आणि पुष्कळदा घोटाळा इथे झालेला असतो. प्रोटीनला जेलमधून विजेने ओढून नायट्रोसेल्युलोजवर बसवायची ही रीत टोबिन आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये छापली, आणि मूळ बफर बहुतेक ठिकाणी अजून तोच: २५ मिलिमोलर ट्रिस, १९२ मिलिमोलर ग्लायसिन, २० टक्के मिथेनॉल. एसडीएस लागलेलं प्रोटीन निगेटिव्ह असतं म्हणून ते लाल इलेक्ट्रोडकडे धावतं, तेव्हा काळ्या बाजूला जेल आणि लाल बाजूला मेम्ब्रेन. हे उलटं लावलंत तर सगळं प्रोटीन बफरमध्ये गेलं, परत मिळायचं नाही. पीव्हीडीएफ (दुसऱ्या प्रकारचं मेम्ब्रेन) आधी मिथेनॉलमध्ये भिजवा, पांढरं मेम्ब्रेन क्षणात अर्धपारदर्शक होतं, तसं झालं नाही तो भाग भिजला नाही असं समजा. नायट्रोसेल्युलोज मात्र नुसत्या मिथेनॉलमध्ये घालू नका, खराब होतं, ते सरळ ट्रान्सफर बफरमध्ये.

सँडविच रचताना ट्रेमध्ये बफर भरपूर घ्या आणि सगळं बफरच्या आतच करा. स्पंज, फिल्टर पेपर, त्यावर जेल, मग मेम्ब्रेन एका कडेने टेकवून हळूहळू खाली सोडा, एकदम थापलंत तर हवा आत राहते. रोलर किंवा जाड टेस्ट ट्यूब मधून कडेकडे फिरवून बुडबुडे काढा, दाब हलकाच, आणि वरचा पेपर ठेवल्यावर पुन्हा एकदा फिरवा. जिथे बुडबुडा राहतो तिथे नंतर स्वच्छ गोल पांढरा डाग येतो आणि तो हमखास आपल्याला हव्या त्याच बँडवर येतो. मेम्ब्रेन एकदा टेकलं की सरकवायचं नाही, प्रोटीन लगेच लागायला सुरुवात होते आणि मग भुताटकीसारखे दुहेरी बँड दिसतात. १०० व्होल्टवर एक तास, टँक बर्फात. मोठं प्रोटीन असेल तर मिथेनॉल १० टक्क्यांवर आणा, थोडं एसडीएस घाला आणि ३० व्होल्टवर रात्रभर कोल्ड रूममध्ये. लहान प्रोटीनला उलट त्रास, ते मेम्ब्रेनच्या आरपार निघून जातं, त्याला ०.४५ ऐवजी ०.२ मायक्रॉनचं मेम्ब्रेन घ्या आणि वेळ कमी करा.

झाल्यावर पोन्सो एस (प्रोटीन रंगवणारा डाय) मारायचाच. पाच मिनिटांचं काम आहे, पाण्याने धुतलं की गुलाबी पट्ट्या दिसतात, आणि त्यात सगळं लिहिलेलं असतं: लेनमध्ये माल सारखा आहे का, वरची मोठी प्रोटीनं आली का, बुडबुडे कुठे आहेत. याचा फोटो काढून ठेवा, पुढे नॉर्मलायझेशनला (लेनमधल्या मालाचा फरक हिशोबात धरायला) पण उपयोगी पडतो. पोन्सो न मारता पुढे जाणारा माणूस दोन दिवसांनी कोरं मेम्ब्रेन बघून ट्रान्सफर चुकला की अँटीबॉडी याचा विचार करत बसतो.

ब्लॉकिंगला, म्हणजे मेम्ब्रेनच्या रिकाम्या जागा भरायला, ५ टक्के दुधाची पावडर टीबीएसटीमध्ये (ट्वीन डिटर्जंट घातलेल्या मिठाच्या बफरमध्ये), एक तास. स्वस्त आणि बहुतेक वेळा उत्तम. फॉस्फो अँटीबॉडी असेल तर बीएसए (गायीच्या रक्तातलं अल्ब्युमिन) घ्या असं सांगतात कारण दुधातलं केसीन स्वतःच फॉस्फोप्रोटीन आहे, आणि बायोटिन-स्ट्रेप्टाव्हिडिन वापरत असाल तर दूध नकोच, त्यात बायोटिन असतं. काही अँटीबॉडी दुधात दबतात आणि बीएसएमध्ये खुलतात, काहींचं बरोबर उलट, बीएसएमध्ये बॅकग्राउंडने काळंकुट्ट होतं. डेटाशीटवर दिलंय त्याने सुरू करा आणि जमलं नाही तर दुसरं करून बघा, यात शास्त्र शोधत बसू नका.

प्रायमरीचं डायल्यूशन हा मात्र खरा मुद्दा आहे. डेटाशीटवर १:१००० लिहिलेलं असतं आणि सगळे जन्मभर १:१००० च वापरतात. पहिल्यांदा पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह लायसेटच्या जोड्या एकाच जेलवर चार वेळा लोड करा, मेम्ब्रेनच्या चार पट्ट्या कापा, आणि १:५००, १:१०००, १:३०००, १:१०००० असं लावून बघा. शोधायचा तो फरक, पॉझिटिव्हमध्ये बँड आणि निगेटिव्हमध्ये स्वच्छ, असं ज्या डायल्यूशनला सगळ्यात चांगलं दिसेल ते आपलं. सगळ्यात काळा बँड देणारं डायल्यूशन बहुतेकदा ते नसतं. जास्त अँटीबॉडी टाकली की ती आपल्या प्रोटीनवर जागा संपल्यावर दुसऱ्यांना चिकटायला लागते, त्यामुळे कमी टाकून बॅकग्राउंड सुधारणं हा पहिला उपाय, महागडा ब्लॉकर मागवणं शेवटचा. रात्रभर ४ अंशावर रॉकरवर ठेवा, मेम्ब्रेन पूर्ण बुडलेलं आणि हलतं असावं, कोपरा दुमडून वर आला असेल तर तेवढी लेन गेली.

सकाळी टीबीएसटीने तीन वेळा धुवा, दर वेळी पाच ते दहा मिनिटं, ०.१ टक्का ट्वीन. मग सेकंडरी, प्रायमरीच्या होस्टविरुद्धची, एचआरपी (सिग्नल उमटवणारं एन्झाइम) लावलेली असेल तर १:५००० ते १:२०००० मध्ये, एक तास. सोडियम अझाइड एचआरपीला मारतं हे पक्कं लक्षात ठेवा; प्रायमरी पुन्हा वापरायला अझाइड घालून ठेवली असेल तर हरकत नाही, पण सेकंडरीच्या बफरमध्ये ते नको आणि मधली धुलाई नीट हवी. आणि एक पट्टी अशी ठेवा जिला प्रायमरी दिलीच नाही, फक्त सेकंडरी. तिच्यावर जे दिसेल ते तुमच्या प्रायमरीचं नाही, एवढं साधं. उंदराच्या टिश्यूवर उंदराची अँटीबॉडी वापरत असाल तर ५० आणि २५ किलोडाल्टनला हमखास बँड येणार, टिश्यूतल्या रक्तात उंदराच्या स्वतःच्या अँटीबॉडी असतात आणि त्यांच्या जड आणि हलक्या साखळ्या नेमक्या तिथे पळतात. तुमचं प्रोटीन ५० चं असेल तर सशाची प्रायमरी शोधा, दुसरा सोपा मार्ग नाही.

ईसीएल (एचआरपीमुळे चमकणारा सबस्ट्रेट) घातल्यावर एकच एक्स्पोजर घेऊन थांबू नका, कमीपासून जास्तीपर्यंत चार-पाच घ्या. सॅच्युरेट झालेल्या पिक्सेलवरून मोजमाप करता येत नाही, ते सॉफ्टवेअरमध्ये लाल दिसतात, त्याला काही अर्थ असतो म्हणूनच दाखवतात. मूळ फाइल सेव्ह करा, स्क्रीनचा फोटो नको. बँड मधोमध पांढरा आणि कडेने काळा आला, किंवा मेम्ब्रेन अंधारात नुसत्या डोळ्यांना चमकताना दिसलं, तर एचआरपी इतकं झालंय की तिथला सबस्ट्रेट फोटो काढायच्या आत संपला, सेकंडरी पातळ करा.

बँड वाचायची वेळ आली की युनिप्रोट (प्रोटीनांचा ऑनलाइन डेटाबेस) उघडून बसा. तिथलं वजन हे फक्त अमिनो आम्लांचा हिशोब असतं, जेलवर प्रोटीन कुठे पळेल ते वेगळं. पी५३ चंच बघा, ३९३ अमिनो आम्लं, हिशोबाने ४३.७ किलोडाल्टन, आणि जेलवर ५३ ला येतो कारण त्यातला प्रोलिनने भरलेला भाग त्याला हळू पळवतो. ईजीएफआर हिशोबाने १३४, जेलवर १७० च्या आसपास, कारण अंगभर साखरेच्या साखळ्या लागलेल्या. त्या साखळ्या काढणारं पीएनगेज एफ एन्झाइम लावलं की बँड खाली सरकतो, आणि ही एक छान तपासणीसुद्धा आहे. उलट बाजूने कॅस्पेज-३ मरणाऱ्या पेशीत ३५ वरून कापला जाऊन १७-१९ ला दिसतो, पार्प ११६ वरून ८९ ला. त्यामुळे अपेक्षित जागी बँड नाही म्हणजे चूक आणि अपेक्षित जागी आहे म्हणजे बरोबर, दोन्ही घाईचे निष्कर्ष आहेत. पेशीत हजारो प्रोटीनं आहेत, तुमच्याच वजनाची शेकडो असणार. नॉकआउटमध्ये जो बँड जातो तो तुमचा, मग तो कुठेही असो, आणि जो राहतो तो नाही, मग तो कितीही बरोबर जागी असो.

बँडच नाही आला तर क्रम असा: पोन्सोचा फोटो बघा, ठीक असेल तर पॉझिटिव्ह कंट्रोलची लेन बघा, तिथेही नसेल तर सेकंडरीचा एक थेंब पातळ करून मेम्ब्रेनच्या तुकड्यावर ठेवून त्यावर ईसीएल घाला, चमकलं तर सेकंडरी आणि ईसीएल जिवंत आहेत, मग उरली प्रायमरी. पॉझिटिव्हमध्ये आहे आणि तुमच्या सॅम्पलमध्ये नाही, तर अभिनंदन, हा रेझल्ट आहे, भले मनासारखा नसेल.

फॉस्फोसाठी दोन शब्द वेगळे. लायसेटचा एक भाग लॅम्डा फॉस्फेटेजने धुऊन काढा, बँड गेला पाहिजे. ईआरके बघत असाल तर उपाशी ठेवलेल्या पेशींना ईजीएफ (वाढीचा संदेश देणारं प्रोटीन) देऊन पाच-दहा मिनिटांत फोडा, ४२ आणि ४४ चे दोन बँड उठून येतात, आणि एमईके (ईआरकेला फॉस्फेट लावणारं एन्झाइम) रोखणारा इनहिबिटर आधी दिला तर येत नाहीत. आधी फॉस्फो अँटीबॉडी लावायची, मग स्ट्रिप करून (लागलेली अँटीबॉडी धुऊन काढून) टोटल, म्हणजे फॉस्फेट असो-नसो ते प्रोटीन धरणारी, उलटं नको, कारण स्ट्रिपिंगमध्ये प्रोटीन थोडं निघून जातंच.

लोडिंग कंट्रोल (लेनमध्ये माल सारखा पडलाय का ते दाखवणारं प्रोटीन) म्हणून अ‍ॅक्टिन ४२, जीएपीडीएच ३७, ट्युब्युलिन ५० ते ५५ हे नेहमीचे. पण ३० मायक्रोग्रॅम लोड केलं की अ‍ॅक्टिन बहुतेकदा सॅच्युरेट झालेला असतो, सगळे बँड सारखेच जाड दिसणार, मग त्याला कंट्रोल कसला म्हणायचं. आणि पेशींना ऑक्सिजन कमी पाडण्याचा प्रयोग असेल तर जीएपीडीएच स्वतःच वाढतो. मी हल्ली पूर्ण लेनच्या प्रोटीनवरूनच नॉर्मलाइज करा असं सांगते, पोन्सो नाहीतर तसला दुसरा स्टेन.

इतर पद्धतींचं एवढंच, की ब्लॉटवर चांगली चालणारी अँटीबॉडी दुसरीकडे चालेलच असं नाही, कारण ब्लॉटवर प्रोटीन उलगडलेलं असतं आणि पेशीत घडी घातलेलं. इम्युनोफ्लुरोसन्सला (पेशीतच प्रोटीन चमकवून बघायला) ४ टक्के पीएफए (पॅराफॉर्माल्डिहाइड) दहा-पंधरा मिनिटं, मग ०.१ ते ०.२ टक्के ट्रायटन, आणि नॉकआउट पेशी त्याच कव्हरस्लिपवर साध्या पेशींमध्ये मिसळून वाढवता आल्या तर फार छान, एकाच फोटोत तुलना होते. टिश्यूच्या पॅराफिन सेक्शनला फॉर्मलिनने प्रोटीन बांधून टाकलेलं असतं, म्हणून अँटिजेन रिट्रीव्हल, सायट्रेट पीएच ६ नाहीतर ट्रिस-ईडीटीए पीएच ९ मध्ये वीसेक मिनिटं गरम, दोन्ही करून बघा. आणि एचआरपी वापरत असाल तर आधी हायड्रोजन पेरॉक्साइडने टिश्यूचं स्वतःचं पेरॉक्सिडेज मारा. लिव्हर आणि किडनीत बायोटिन भरपूर असतं तेही डोक्यात ठेवा. इम्युनोप्रेसिपिटेशननंतर (अँटीबॉडीने प्रोटीन पकडून बाहेर काढल्यावर) ब्लॉट करताना त्याच अँटीबॉडीची जड साखळी ५० ला येते, म्हणून पकडायला सशाची आणि ब्लॉटला उंदराची अशी जोडी करा. फ्लो सायटोमेट्रीत मॅक्रोफेज, बी पेशी वगैरेंना एफसी ब्लॉक (अँटीबॉडीची शेपटी धरणाऱ्या जागा झाकणारा) द्या आणि मेलेल्या पेशी डायने बाजूला काढा, त्या सगळ्याला चिकटतात. सँडविच एलिसामध्ये (दोन अँटीबॉडींमध्ये प्रोटीन धरून मोजायच्या पद्धतीत) प्रोटीन फारच जास्त असेल तर सिग्नल उलटा कमी दिसतो, त्यामुळे सॅम्पल नेहमी दोन-तीन डायल्यूशनला लावा.

अँटीबॉडी आली की पहिल्याच दिवशी ट्यूब थोडी स्पिन करा, झाकणाला लागलेले दोन थेंबही महाग असतात, आणि १०-२० मायक्रोलिटरचे अलिकोट (छोटे वाटे) करून उणे २० ला. ५० टक्के ग्लिसरॉल असलेली गोठतच नाही, तिला अलिकोटची गरज नाही. एचआरपी किंवा फ्लोरोफोर लावलेल्या साध्या ४ अंशावर, उजेडापासून दूर, गोठवू नका. ऑटो-डिफ्रॉस्ट फ्रिझर नको, तो रोज थोडं वितळवतो.

वहीत कंपनी आणि कॅटलॉग नंबर लिहिता तसा लॉट नंबर पण लिहा, शिवाय आरआरआयडी (अँटीबॉडीचा कायमचा ओळख क्रमांक), जर्नलवाले आता तो मागतात. पॉलिक्लोनल असेल तर नवीन लॉट आला की जुना संपायच्या आत दोन्ही एकाच लायसेटवर शेजारी शेजारी लावा, पॉझिटिव्ह-निगेटिव्ह जोडी आणि तेच डायल्यूशन. यासाठी कंट्रोल लायसेटचा एक मोठा साठा बनवून सॅम्पल बफरमध्ये उकळून उणे ८० ला छोट्या छोट्या ट्यूबमध्ये ठेवलेला असला म्हणजे दर वेळी नव्याने पेशी वाढवाव्या लागत नाहीत. आणि नवीन लॉटमध्ये निगेटिव्ह लेन काळी दिसली तर तो ब्लॉट जोडून कंपनीला लगेच कळवा, बदलून देतात पुष्कळदा, पण जुन्या लॉटशी तुलना केलेला फोटो नसेल तर कोणी ऐकून घेत नाही.